पे-स्टब उघडा, मग बाकीचं बोलू

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात, मिसिसागातल्या एका वेअरहाउस कंपनीत मी चौदा वर्षं पेरोल सांभाळते. दर दुसऱ्या गुरुवारी साडेतीनशे माणसांचा पगार माझ्या हातून जातो. आणि दर जानेवारीच्या मध्यावर माझ्या टेबलासमोर रांग लागते. सगळ्यांचं म्हणणं एकच: पगार कमी आलाय.

कमी कुणी केलेला नसतो. सीपीपी म्हणजे सरकारी पेन्शनची वर्गणी आणि ईआय म्हणजे बेकारीचा विमा. दोन्हींना वर्षाची कमाल मर्यादा असते. २०२५ मध्ये ईआय १.६४ टक्के, तेही ६५,७०० डॉलर कमाईपर्यंतच. सीपीपी ५.९५ टक्के, पहिले ३,५०० सोडून ७१,३०० पर्यंत, आणि त्याच्या वर ८१,२०० पर्यंत आणखी ४ टक्के. ज्याचा पगार ८५,००० आहे त्याचं ईआय ऑक्टोबरात संपतं, नोव्हेंबरात सीपीपीही उतरतं. हातात जरा जास्त यायला लागतं, दिवाळी आणि नाताळ त्यात उरकतात, आणि नवीन वर्षाच्या पहिल्या पगाराला मीटर पुन्हा शून्यावरून सुरू. मग रांग.

ही गोष्ट आधी सांगितली कारण रांगेतल्या निम्म्या लोकांनी पे-स्टब, म्हणजे पगाराची चिठ्ठी, कधी उघडलेलीच नसते. बँकेत आकडा पडला की झालं. हीच माणसं जेवणाच्या सुट्टीत मला विचारतात, कुठला शेअर घेऊ? मी म्हणते, आधी चिठ्ठी उघड. या देशात साध्या पगारदाराचा पैसा शेअरबाजारात जेवढा बुडत नाही, तेवढा न भरलेल्या फॉर्मांमध्ये आणि चुकलेल्या क्रमात जातो. म्हणून मी क्रमानेच सांगते.

पहिला कागद टीडी-१

नोकरी लागते त्या दिवशी हा फॉर्म भरून घेतात आणि माणूस सही करून विसरतो. त्यात लिहिलेलं असतं की उत्पन्नाचा पहिला एवढा भाग करातून सोडा. २०२५ साठी केंद्राची ही रक्कम १६,१२९ डॉलर होती. प्रांताचा टीडी-१ वेगळा.

गोची होते दोन नोकऱ्यांत. आमच्याकडे दिवसा काम करणारा एक मुलगा रात्री दुसरीकडे माल लावायला जायचा. त्याने दोन्हीकडे हा फॉर्म सारखाच भरला. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या परीने पहिले सोळा हजार सोडले. ही सूट तर एकदाच मिळते. एप्रिलमध्ये रिटर्न भरलं तेव्हा जवळपास ३,००० डॉलर निघाले, आणि ते त्याने केव्हाच खर्च केलेले होते. दुसऱ्या नोकरीच्या टीडी-१ वर एकापेक्षा जास्त मालक असल्याची खूण करायची आणि एकूण रकमेच्या जागी शून्य लिहायचं. दोन मिनिटांचं काम. आज दोन ठिकाणी काम करत असाल तर उद्याच जाऊन बदला, वर्ष संपायची वाट बघू नका.

दुसरा कागद ग्रुप आरआरएसपीचा

आरआरएसपी म्हणजे निवृत्तीचं खातं. तुमची कंपनी त्यात तुमच्याइतके पैसे घालते का, हे पेरोलला विचारा. आमच्याकडे पगाराच्या ४ टक्क्यांपर्यंत घालते. पण आपण होऊन नाही, फॉर्म भरणाऱ्यालाच. ५२,००० पगाराच्या एका माणसाने सहा वर्षं तो भरला नाही. वर्षाला २,०८० प्रमाणे १२,४८० डॉलर त्याने टेबलावर सोडले, वर त्यांची वाढ गेली ती वेगळीच. दरवर्षी मी त्याला आठवण करायचे आणि दरवर्षी तो म्हणायचा, आत्ता हात आखडता आहे, पुढच्या वर्षी बघू. शेवटी मी त्याला कॅल्क्युलेटर दिला आणि म्हटलं, तूच कर गुणाकार. त्या दिवशी फॉर्म आला.

यात आणखी एक फायदा आहे जो लोकांना ठाऊक नसतो. पगारातून थेट कापलेल्या आरआरएसपीवर मी करही तिथल्या तिथे कमी कापते. म्हणजे १०० डॉलर घातले तर हातातला पगार १०० ने कमी होत नाही, सत्तरच्या आसपासच होतो. बँकेत स्वतः जाऊन घातले तर ती सूट पुढच्या वसंतात रिफंड म्हणून येते. रिफंड आला की लोक पेढे वाटतात, पण तो आपलाच पैसा वर्षभर बिनव्याजी बाहेर राहिलेला असतो. दरवर्षी मोठा रिफंड येत असेल तर टी-१२१३ हा फॉर्म सीआरएकडे, म्हणजे इथल्या कर खात्याकडे, पाठवून कापणीच कमी करून घेता येते.

तिसरा पगार

दर दोन आठवड्यांनी पगार म्हणजे वर्षाला २६. महिने बारा. म्हणजे दोन महिने असे येतात की त्यात तीन पगार पडतात. घरखर्च महिन्याला दोनच पगार आहेत असं धरून बसवा. भाडं, हायड्रो म्हणजे वीज, गाडीचा विमा, डे-केअर, सगळं दोनात. मग तो तिसरा पगार मोकळा राहतो. जानेवारीत कॅलेंडरवर ते दोन दिवस मी लाल पेनाने गोल करून ठेवते. नवऱ्याला पहिली काही वर्षं ही माझी नाटकं वाटायची. मग एका फेब्रुवारीत फर्नेस बंद पडला आणि नवा त्या पैशातून आला. हल्ली गोल तोच करतो.

कर्ज आधी, गंगाजळी लगेच मागे

क्रेडिट कार्डाचं व्याज साधारण २० टक्के असतं. ३,००० डॉलर अंगावर असतील तर महिन्याला ५० डॉलर नुसते व्याजात जातात, आणि मुद्दल जागच्या जागी. असं कर्ज असताना गुंतवणुकीचं बोलूच नये, कंपनीचा वाटा तेवढा अपवाद. किमान रक्कम भरत राहिलात तर किती वर्षं लागतील हे स्टेटमेंटवरच छापलेलं असतं. ती ओळ एकदा वाचा, दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. दर महिन्याला स्टेटमेंटची पूर्ण रक्कम आपोआप भरली जाईल अशी सोय करून ठेवा. आणि कार्डावर रोख रक्कम काढू नका, तिथे व्याज पहिल्या दिवसापासून लागतं.

क्रेडिट स्कोअरचं फार स्तोम माजवलंय लोकांनी. तो ३०० ते ९०० मध्ये असतो. वेळेवर भरणं आणि मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत कार्ड वापरणं, एवढं सांभाळलं की तो आपली वाट चालतो. इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन, दोघांचा अहवाल फुकट मागवता येतो. वर्षातून एकदा बघा आणि सोडून द्या.

गंगाजळी म्हणजे तीन-चार महिन्यांचा खर्च, रोजच्या खात्यापासून दूर, व्याज देणाऱ्या बचत खात्यात. बँक सीडीआयसी या सरकारी ठेव-विमा संस्थेची सदस्य असली की प्रत्येक प्रकारच्या ठेवीवर १ लाख डॉलरपर्यंत विमा असतो, त्यामुळे ऑनलाइन बँकेला घाबरायचं कारण नाही. नोकरी गेली तर ईआय आहेच, असं म्हणणारे भेटतात. ईआय विमापात्र पगाराच्या ५५ टक्के देतं आणि २०२५ मध्ये आठवड्याला जास्तीत जास्त ६९५ डॉलर, त्यातूनही कर कापून. मिसिसागात त्यात भाडं निघेल, फार तर.

टीएफएसए, एफएचएसए, आरआरएसपी

आता आपण खात्यांच्या लोणच्याच्या बरण्यांपाशी आलो. बरणी कुठलीही घ्या, आत काय घालायचं तो प्रश्न वेगळा. लोक म्हणतात “मी टीएफएसए घेतलाय”, जणू ती ठेव आहे. बरणी आहे ती. आत नुसती रोकड पडून राहू शकते, जीआयसी म्हणजे मुदत ठेव राहू शकते किंवा ईटीएफ, म्हणजे शेअरबाजारात विकत मिळणारा फंड.

टीएफएसए २००९ मध्ये सुरू झालं. कर भरलेला पैसा आत जातो, आत वाढलेल्यावर कर नाही, काढताना कर नाही. २०२५ ची मर्यादा ७,००० डॉलर, आणि न वापरलेली जागा पुढे साठत जाते. मोजणी अठरा वर्षं पूर्ण झाल्याच्या वर्षापासून, पण बाहेरून आलेल्यांसाठी इथले रहिवासी झाल्याच्या वर्षापासून. ऑफिसातला सहकारी म्हणाला म्हणून १,०२,००० घालायला जाऊ नका. ती २०२५ पर्यंतची बेरीज, आणि तीही २००९ मध्येच अठरा पूर्ण असलेल्या आणि तेव्हापासून इथेच राहिलेल्या माणसाची आहे.

इथे मी स्वतः तोंडघशी पडलेली आहे. २०१३ मध्ये बाबांच्या ऑपरेशनसाठी मे महिन्यात टीएफएसएमधून ६,००० काढले. ऑक्टोबरात पैसे जमले तसे परत ठेवले. किती शहाणी मी, असं वाटलं होतं. पुढल्या वर्षी तपकिरी लिफाफा आला. माझी जागा आधीच पूर्ण भरलेली होती, आणि काढलेल्या रकमेची जागा त्याच वर्षी परत मिळत नाही, पुढच्या १ जानेवारीला मिळते. जास्तीच्या रकमेवर महिन्याला १ टक्का दंड: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, साठ-साठ करत १८० डॉलर. पेरोलमध्ये बसणाऱ्या बाईला! चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून नियम असा की काढले तर जानेवारीतच परत, आणि आधी स्वतःचा हिशोब वहीत. सीआरएच्या साइटवर जागेचा आकडा दिसतो, पण बँका वर्षभराचे व्यवहार नंतर कळवतात, त्यामुळे तो ताजा असेलच असं नाही.

पहिलं घर घ्यायचं मनात असेल तर एफएचएसए. एप्रिल २०२३ पासून हे खातं आलं आणि मला विचाराल तर तिघांत हेच सगळ्यात उदार आहे. घालताना आरआरएसपीसारखी करात सूट, घरासाठी काढताना टीएफएसएसारखं करमुक्त. वर्षाला ८,०००, एकूण ४०,०००. पण यातली जागा खातं उघडल्यावरच सुरू होते. म्हणून घर पाच वर्षं लांब असलं तरी आज उघडून ठेवा, हातात काही नसलं तरी. डिसेंबरात उघडलं आणि काहीच घातलं नाही तरी जानेवारीत १६,००० ची जागा असते. घर झालंच नाही तर सगळी रक्कम आरआरएसपीत वळवता येते, आरआरएसपीची जागा न वापरता. माझ्या भाच्याला हे तीन वेळा सांगितलं. चौथ्या वेळी मी त्याच्या शेजारी बसून फोनवर उघडून घेतलं, चहा निवेपर्यंत काम झालं.

आरआरएसपीची जागा मागच्या वर्षीच्या कमाईच्या १८ टक्के, २०२५ साठी कमाल ३२,४९०. तुमचा खरा आकडा नोटीस ऑफ असेसमेंटवर, म्हणजे रिटर्न तपासून सीआरए पाठवतं त्या कागदावर असतो. तो कागद जपून ठेवा, दुसऱ्याचा आकडा तुमच्या कामाचा नाही. आता हिशोब बघा. ऑन्टारियोत ७०,००० कमावणाऱ्याच्या वरच्या डॉलरवर २९.६५ टक्के कर लागतो. त्याने ५,००० आरआरएसपीत घातले तर कर सुमारे १,४८० ने कमी. उलट ४०,००० कमावणाऱ्याचं त्याहून कमी वाचतं. त्याने आरआरएसपीची घाई करू नये, टीएफएसए भरावं आणि जागा पुढच्या मोठ्या पगारासाठी राखावी.

पण घरात लहान मुलं असतील तर गणित फिरतं. कॅनडा चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठी सरकारकडून येणारी मदत, कुटुंबाच्या निव्वळ उत्पन्नावर ठरतं आणि आरआरएसपीने ते उत्पन्न खाली येतं. जुलै २०२५ ते जून २०२६ चे आकडे धरू: दोन मुलं आहेत, नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न ३७,४८७ आणि ८१,२२२ च्या मधलं आहे, तर वरच्या प्रत्येक डॉलरमागे साडेतेरा सेंट बेनिफिट कमी होतं. त्याच ५,००० मुळे पुढच्या जुलै ते जून या वर्षात सुमारे ६७५ डॉलर जास्त येतील. कराची सूट धरून पाच हजारांवर एकवीसशेच्या पुढे परत. बँकेतल्या कुठल्याही सल्लागाराने मला हे सांगितलं नव्हतं, एका रात्री मुलं झोपल्यावर कागदावर मांडून मलाच सापडलं.

आणि बरणीत काय घालायचं? बँकेने मला २०१० मध्ये एक म्युच्युअल फंड दिला. हसतमुख बाई, छान रंगीत पुस्तिका. वार्षिक खर्च २.२ टक्के. तो पगारासारखा कापलेला दिसत नाही, आतल्या आत जातो, फायदा होवो न होवो. ५०,००० वर २.२ टक्के म्हणजे वर्षाला १,१०० डॉलर. सर्वसमावेशक ईटीएफ, म्हणजे व्हीजीआरओ, एक्सईक्यूटी वगैरे, यांचा खर्च पाव टक्क्याच्या आत असतो, तेवढ्याच रकमेवर सव्वाशेपेक्षा कमी. व्हीजीआरओमध्ये साधारण ८० टक्के शेअर आणि २० टक्के रोखे, एक्सईक्यूटी पूर्ण शेअर. दहा वर्षं हात लावायचा नाही अशा पैशासाठीच हे. तीन वर्षांत घर घ्यायचंय तर जीआयसी किंवा बचत खातं, तिथे हौस नको.

मुलांचं आरईएसपी

हे मुलांच्या शिक्षणासाठीचं खातं. वर्षाला २,५०० घातले की सरकार २० टक्के म्हणजे ५०० घालतं, एका मुलामागे एकूण ७,२०० पर्यंत. महिन्याला २०८ डॉलर पडतात. मागची वर्षं चुकली असतील तर दर वर्षी एक मागचं वर्ष भरून काढता येतं, म्हणजे ५,००० घातले तर १,००० मिळतात. उत्पन्न कमी असेल तर कॅनडा लर्निंग बाँड या सरकारी मदतीचे २,००० पर्यंत मिळू शकतात, त्यासाठी स्वतः एक सेंटही घालावा लागत नाही. बँकेत किंवा ऑनलाइन साधं खातं उघडा. गणपतीच्या हॉलबाहेर टेबल मांडून जे ग्रुप प्लॅन विकतात, त्यात सुरुवातीची फी किती आणि हप्ता चुकला तर काय, हे लेखी मागा. माझ्या मैत्रिणीने दोन वर्षांनी ते सोडलं तेव्हा घातलेल्यातलेही सगळे परत आले नाहीत.

उत्पन्न नसलं तरी रिटर्न

तारीख ३० एप्रिल. स्वतःचा धंदा असेल तर फॉर्म १५ जूनपर्यंत चालतो, पण पैसे ३० एप्रिललाच. कमाई नसलेल्या बायकोनेही, नवऱ्यानेही भरायचं. दोघांची रिटर्न्स नसतील तर चाइल्ड बेनिफिट थांबतं. नुकते आला असाल तर रिटर्नची वाट न बघता मुलांसाठी आरसी-६६ फॉर्म लगेच द्या. सहा वर्षांखालच्या मुलामागे जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षासाठी ७,९९७ पर्यंतची रक्कम होती. मुलं नसतील तर जीएसटी क्रेडिटसाठी आरसी-१५१. कर भरला नाही तर अटक करू म्हणून फोन आला आणि गिफ्ट कार्डं मागितली, तर फोन ठेवा. सीआरए गिफ्ट कार्डं घेत नाही.

घरखर्चावर मी फार बोलत नाही, कॉफी बंद करून कुणी श्रीमंत झालेलं मी पाहिलं नाही. दोन गोष्टी मात्र. ऑन्टारियोत हिवाळी टायर लावले की विमा कंपनीला सवलत द्यावीच लागते, २०१६ पासून, पण कळवायचं तुम्ही. दुसरं, बऱ्याच मोठ्या दुकानांच्या काउंटरवर स्कॅनर प्राइस अॅक्युरसी कोडचा स्टिकर असतो. शेल्फवरच्या किमतीपेक्षा स्कॅनरवर जास्त आली तर ठराविक किमतीपर्यंतची वस्तू फुकट, त्याहून महाग असेल तर तेवढे डॉलर कमी. मी शेल्फच्या चिठ्ठीचा फोटो काढते आणि बिल होताना स्क्रीनकडे बघत राहते. मुलगा तेव्हा दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहतो. तुपाची बरणी मात्र घरी फुकट आलीय, ती तोही खातो.

तिकडचं जे आहे ते

हा भाग आपल्या लोकांत कुजबुजत बोलला जातो. इथले करासाठी रहिवासी झालात की जगभरातलं उत्पन्न इथे दाखवायचं. एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त, इथे नाही. पीपीएफचंही तसंच. एनआरओवर तिकडे कापलेल्या कराचं श्रेय करारानुसार इथे मिळतं, म्हणून टीडीएसचा कागद मागवून ठेवा. परदेशातल्या मालमत्तेची करासाठी धरलेली मूळ किंमत मिळून १ लाख डॉलरच्या वर असेल तर टी-११३५ भरायचा. स्वतःच्या वापराचं घर त्यात धरत नाहीत, भाड्याने दिलेलं धरतात. आल्याच्या पहिल्या वर्षी हा फॉर्म लागत नाही. उशीर झाला तर दिवसाला २५ डॉलर, २,५०० पर्यंत.

आणि इथे उतरलात त्या दिवशी तुमच्या भारतातल्या फ्लॅटची, जमिनीची, शेअरची बाजारभावाने किंमत काय होती, तो कागद तेव्हाच करून ठेवा. पुढे विकाल तेव्हा इथला भांडवली नफा त्या दिवसाच्या किमतीपासून मोजतात, वडिलांनी घेतली त्या किमतीपासून नाही. मी एप्रिल २००८ मध्ये आले आणि असला कागद केला नाही. आता सांगलीचा फ्लॅट विकायचाय. भावाने त्या वर्षीच्या रेडी रेकनरचं पान फोटो काढून पाठवलं, व्हॅल्युअर म्हणतो बाजारभाव त्याहून बराच जास्त होता, सतरा वर्षांपूर्वीचे व्यवहार शोधावे लागतील. रिपोर्टची फी त्याने अजून सांगितलेली नाही, रविवारी फोन करतो म्हणालाय.